मदत हवी आहे: नेच्यांचे बीजाणू जास्त, म्हणजे हवामान दमट होतं?

दख्खनच्या दोन लाव्हाथरांमधल्या राखाडी चिकणमातीतून परागकण काढतोय. वय साधारण ६.६ कोटी वर्षं. हायड्रोक्लोरिक, मग हायड्रोफ्लोरिक आम्ल, १० मायक्रॉनची चाळणी, झिंक क्लोराइडच्या जड द्रावणात हलके कण वेगळे करणं, सगळं झालं. ऑक्सिडेशन मुद्दाम टाळलं. कण आधीच तपकिरी आहेत.

स्लाइडवर जाड भिंतीचे, तीन फाट्यांची खूण असलेले, नेच्यांसारखे बीजाणूच जास्त. फुलझाडांचे परागकण मोजके आणि चुरगळलेले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी नाही, साधा १००० पटींचा आहे. मातीही मूठभरच उरलीय, त्यामुळे २०० कणांची मोजणी अवघड दिसते.

नुसतं 'दमट हवामान' लिहून मोकळं व्हायला मन घेत नाही. खरंच पाऊस जास्त होता, की थंड झालेल्या लाव्हावर आधी नेचेच उगवले, की नाजूक परागकण कुजून गेल्याने हा भास होतोय? उरलेल्या मातीत नेमकं काय तपासलं तर यातलं एक तरी कारण बाद करता येईल?