प्रतिसाद: डिस्को मेला आणि मग रॅप आला?

वर म्हटलंय की डिस्को संपला आणि त्या जागी रॅप आला. क्रम इतका सरळ नव्हता हो. शिकागोच्या स्टेडियममध्ये डिस्कोद्वेष्ट्यांनी डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवल्या जुलै १९७९ मध्ये, आणि शुगरहिल गँगची रॅप तबकडी ‘रॅपर्स डिलाइट’ बाजारात आली त्याच सप्टेंबरात, तीही चक्क डिस्कोच्याच खांद्यावर बसून! खालची बेसलाइन (बेस गिटारची चाल) ‘शिक’ या डिस्को बँडच्या ‘गुड टाइम्स’ची, तेव्हा अगदी ताजी. सॅम्पलिंगचा, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगचा तुकडा उचलून वापरण्याचा, जमाना यायचा होता, म्हणून निर्मात्या सिल्व्हिया रॉबिन्सनबाईंनी स्टुडिओत वादक बसवून तीच चाल वाजवून घेतली. ‘शिक’च्या नाइल रॉजर्सनी ती न्यूयॉर्कच्या एका क्लबात ऐकली आणि वकिलांपर्यंत गोष्ट गेली. शेवटी गीतकार म्हणून रॉजर्स आणि त्यांचे ‘शिक’मधले जोडीदार बर्नार्ड एडवर्ड्स यांची नावं लागली.

बारा इंची तबकडीवर हे गाणं चौदा मिनिटांहून लांब आहे. रेडिओवाल्यांना ही डोकेदुखी, पण क्लबात डीजेची चैन: सुई ठेवली की पुढची तबकडी निवांत शोधा. बारा इंची सिंगल मुळात डिस्को डीजेंसाठीच रुळली. खाचा मोकळ्या, त्यामुळे आवाज दणदणीत आणि बेस थेट छातीत.

‘रॅपर्स डिलाइट’च्या आधीच फॅटबॅक बँडची ‘किंग टिम थर्ड’ आली होती. फंकवाल्या बँडने सिंगलच्या मागच्या बाजूला टाकलेलं रॅप. माझ्या मते नाचायला तीच सरस, पण लक्षात कोणाच्या आहे! डीजे हॉलिवूड तर न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या क्लबांत डिस्कोवर यमकं जुळवत कधीचा गर्दी नाचवत होता, एकही तबकडी न काढता.