बाबांची एम-20 आणि खरेदीची यादी

सी-402: नमस्कार मंडळी. ताडपत्रीखालची बीएसए एम-20, म्हणजे जुनी ब्रिटिश मोटरसायकल, आमच्या बाबांची, हे सगळ्यांना ठाऊक आहेच (निदान फरशीवरच्या तेलावरून). सप्टेंबरमध्ये कामानिमित्त इंग्लंडला चाललोय. ब्यूलीला मोटर म्युझियमच्या आवारात जुन्या गाड्यांच्या पार्ट्सचा मोठा बाजार भरतो, 1967 पासून. ‘ऑटोजंबल’ हा शब्दच तिथला. कार्ब्युरेटर, मॅगडायनो आणि जमलं तर टाकी आणायची आहे. असा बाजार कोणी केलाय का?

बी-203: गाडी चालू होणार? मग आवाजाचं काय ते आधी सांगा 😄

ए-101: मी केलाय, ब्यूलीचा नाही पण तसलाच. एक सांग, जुना कार्ब्युरेटर आहे ना अजून?

सी-402: आहे काका, डब्यात. तुटलेला.

ए-101: तोच बरोबर ने. फोटो नको, वस्तू ने. तिथे टेबलावर एकसारखे दिसणारे पन्नास पडलेले असतात आणि विकणाऱ्यालाही कोणता कशाचा ते धड माहीत नसतं.

डी-305: काका, नंबर असतो ना त्यावर?

ए-101: अमल कंपनीच्या कार्ब्युरेटरच्या बॉडीवर असतो, तो बघायचाच. पण बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची. कोणीतरी नट आवळून आवळून फ्लँज, म्हणजे इंजिनला बसणारी सपाट कड, वाकवलेला असतो. स्टीलची फूटपट्टी फ्लँजवर उभी धरायची आणि उजेडाकडे बघायचं. मधून उजेड दिसला की तिथून हवा ओढणार, मग गाडी आयडलला कधीच थांबणार नाही. आतला स्लाइड हलवून बघ, खुळखुळला तर बोअर झिजलाय. फ्लोट चेंबर वेगळं असतं त्याला. त्यातला पितळी फ्लोट कानाशी धरून हलव. आत पाण्यासारखं डचमळलं तर फ्लोटला भोक आहे, पेट्रोल शिरलंय.

सी-402: हे लिहून घेतो. मॅगडायनोचं?

ए-101: तिथेच मी फसलो होतो. वर वीज बनवणारा डायनॅमो, खाली स्पार्क देणारा मॅग्नेटो, आणि दोघांमध्ये फायबरचा गिअर. मला विकणाऱ्याने तो गिअर ग्रीसमध्ये अगदी बुडवून ठेवला होता. मला वाटलं, काळजी घेतलीय बिचाऱ्याने. घरी आणून पुसलं तर चार दात गायब. तेव्हा खिशात फडकं ठेव आणि जिथे ग्रीस दिसेल तिथे पुस. पुसू देत नसेल तर पुढचं टेबल.

आणि हाताने फिरवून स्पार्क आला म्हणून भुलू नकोस. थंडपणी छान देतो. गाडी तापली की कंडेन्सर दगा देतो आणि स्पार्क मरतो. ते टेबलावर कळतच नाही, म्हणून घेतानाच धरून चालायचं की वाइंडिंग आणि कंडेन्सर नवीन करावे लागणार. त्या हिशोबानेच भाव कर.

डी-305: नट-बोल्ट इथेच मिळतील ना? 8 मिमीचे तर कुठेही मिळतात.

ए-101: अरे बाबा, तिथेच सगळा घोळ आहे! 5/16 इंच म्हणजे 7.94 मिमी. शेजारी धरलंस तर डोळ्याला फरक दिसत नाही. पण बीएसएवर बरेचसे आटे सायकल थ्रेडचे, इंचाला 26. मिलिमीटरचा बोल्ट जोर लावून घातलास तर दोन फेरे जाईल आणि बॉडीचे आटे घेऊनच बाहेर येईल. आटे मोजायचं गेज ने, व्हर्निअर ने. पानेही वेगळे, व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाच्या) पान्यावरचा आकडा बोल्टचा असतो, तोंडाचा नाही.

सी-402: पान्याचं हे आज कळलं. गेली वीस वर्षं मला वाटायचं, बाबांच्या पेटीतले पाने कोणीतरी चुकीचे छापलेत!

बी-203: मी कार्गोत काम करते म्हणून सांगते. पेट्रोलचा वास येणारा पार्ट विमानात नेऊ देत नाहीत, हातातही नाही आणि सामानातही नाही. कार्ब्युरेटर, टाकी नीट धुऊन कोरडी करा. तरी एअरलाइनला आधी विचारा.

सेक्रेटरी: कृपया हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. आणि त्या गाडीखाली पत्रा ठेवा.

सी-402: ठेवतो साहेब, सॉरी.

ए-101: टाकीसाठी चुंबक ने. बाहेरून चकचकीत दिसते, पण जिथे लांबी (पुट्टी) भरलीय तिथे चुंबक धरत नाही. आणि मेणकागदात गुंडाळलेला दुसऱ्या महायुद्धातला माल दिसला की हुरळून जाऊ नकोस. एम-20 सव्वा लाखावर बनल्या, त्यामुळे सैन्याचे स्पेअर्स अजून निघतात. गिअर, शाफ्ट असेल तर खुशाल घे. रबर आणि गॅस्केट मात्र नको. ऐंशी वर्षांचं रबर नवीन असलं तरी म्हातारंच.

सी-402: ओके काका.

*(नंतर, शनिवारी)*

सी-402: काका, आलोय. चिखल आहे आणि माणसं मुंग्यांसारखी. कार्ब्युरेटर मिळालाय, नंबर जुन्याशी जुळतोय. फूटपट्टी लावली.

ए-101: उजेड?

सी-402: दिसतोय. एका कोपऱ्यात, केसाएवढा.

ए-101: केसाएवढा चालेल, काचेवर एमरी पेपर टाकून घासून काढू. फ्लोट हलवलास?

सी-402: हो. डचमळतोय.

ए-101: मग बॉडीचाच भाव कर. फ्लोटला मी डाग देतो.