धारेला अचानक लाथा झाडणारी गाय: खोड की दुखणं?

निफाडचा गोठा:
एचएफ संकरित गाय, दुसरं वेत, व्यायला २३ दिवस झाले. चार दिवसांपासून मशीनचे कप लावताना डावा मागचा पाय झाडते. आधी गरीब होती. दूध सकाळचं ९ लिटरवरून ७ वर आलंय. कास सुजलेली नाही, दुधात गाठी नाहीत. डॉक्टरांना पाहून इतकी उधळते की तपासणीच होत नाही. परवा ताप १०३.२ भरला, पण तो झटापटीनंतर. पाय बांधून धार काढू का? आणि पुढच्या वेळी तिला धरायचं कसं?

सिन्नरचा पशुवैद्यक:
भाऊ, कारण सापडेपर्यंत पाय बांधू नका. गरीब गाय चार दिवसांत पाय झाडायला लागली, ती खोड नव्हे, दुखणं समजून चाला. बांधून धार काढली की दुखणं आणि धार यांची गाठ तिच्या डोक्यात पक्की बसते. मग ती पान्हा चोरते, कासेत दूध राहतं आणि दगडीला, म्हणजे कासेच्या संसर्गाला, आयतं आमंत्रण.

गाठी नाहीत म्हणून दगडी नाही असं होत नाही. सुप्त दगडीत दूध चांगलंच दिसतं. सीएमटी, म्हणजे दगडी ओळखायची गोठ्यातली चाचणी, करा: पहिल्या तीन-चार धारा सोडून द्या, चार वाट्यांच्या पॅडलमध्ये प्रत्येक सडाचं साधारण २ मिली दूध, तेवढंच चाचणीचं द्रावण, १० सेकंद गोल फिरवा. जी वाटी शेंबडासारखी घट्ट होईल तो सड. शिवाय बॅटरी लावून सडाचं टोक बघा. भेग, फोड किंवा पांढरं खरबरीत कडं असलं तरी गाय अशीच वागते.

ताप झटापटीने चढतो, त्या १०३.२ वर औषध ठरवू नका. सकाळी धारेआधी, गाय रवंथ करत असताना घ्या. गुदद्वारात थर्मामीटर शेणात खुपसला तर कमी दाखवतो, तो आतल्या भिंतीला टेकवून एक मिनिट धरा. तीन दिवसांचे आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. निरोगी गाईचा साधारण १०१.५ असतो.

धरताना: तपासणी धारेच्या जागी नको. खोडा (गाय उभी अडकवायची चौकट) नसेल तर मोरकी (तोंडाभोवतीची दोरी) घालून डोकं खांबाशी आखूड बांधा, गाठ एका ओढीत सुटणारी. रोजचा माणूस डोक्याशी. गाईला थेट पाठीमागचं दिसत नाही, म्हणून डॉक्टरांनी आवाज देत खांद्याकडून यावं आणि हात पाठीवरून सरकवत कासेपर्यंत न्यावा. तरी पाय उचलला तर शेपूट बुडाशी धरून सरळ वर करा. मधेच पिळू नका, शेपटीचं हाड मोडतं.

दिंडोरीचा मशीनवाला:
एक धार हाताने काढून बघा. हाताला शांत राहिली तर दोष मशीनमध्ये. व्हॅक्यूम साधारण ४२ ते ५० किलोपास्कल हवा. कपांच्या आतले रबरी लायनर २५०० धारांनंतर बदलायचे: एकाच क्लस्टरवर (चार कपांच्या संचावर) पाच गाई, दोन वेळा, म्हणजे २५० दिवस. मशीन चालू झाल्याबरोबर पाय नाचवत असेल तर अर्थिंग तपासून घ्या. आपल्या हाताला न जाणवणारा करंट गाईला लागतो. आणि सड पुसल्यावर ६० ते ९० सेकंदांत कप लावा, पान्हा पाच-सात मिनिटांचाच असतो.

निफाडचा गोठा:
सीएमटी केली. डाव्या मागच्या सडाची वाटी घट्ट झाली, बाकी तीन पातळ. हाताने धार काढतानाही त्याच सडाला पाय उचलते.

सिन्नरचा पशुवैद्यक:
मग मशीनचा दोष नाही. अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी नमुना घ्या, नंतर घेतलेल्यात बहुतेकदा जंतू सापडत नाहीत. सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, वाळू द्या, तीन-चार धारा सोडा, निर्जंतुक बाटली तिरकी धरून ५ ते १० मिली घ्या. झाकण जमिनीवर ठेवू नका. बर्फात घालून त्याच दिवशी दवाखान्यात पोचवा. तो सड सगळ्यात शेवटी काढा. उपचार सुरू झाले की लेबलवर लिहिलेले दिवस चारही सडांचं दूध डेअरीला नको.

एक वेगळी सूचना, सगळ्यांसाठी: गाय अचानक अंगावर यायला लागली, घोगरी हंबरायला लागली, लाळ गाळते आणि पाणी गिळता येत नाही, तर घशात काही अडकलं म्हणून तोंडात हात घालू नका. तो रेबीज असू शकतो. तिला वेगळी बांधा आणि १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करा. लाळ लागली असेल तर जागा साबणाने १५ मिनिटं धुऊन लगेच सरकारी दवाखान्यात लस घ्या.