शिकारीच्या पैशावर आफ्रिकेतलं जंगल टिकतं का?

करवंद

गेल्या ऑगस्टमध्ये बावीस जणांच्या गटाबरोबर केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात जाऊन आले. तिसऱ्या दिवशी सकाळी एक सिंहीण आमच्या गाडीच्या सावलीत येऊन बसली. खिडकीतून खाली पाहिलं तर तिच्या कानावरच्या माश्या मोजता येत होत्या. एरवी अखंड बडबडणारी आमची गाडी पंधरा मिनिटं चिडीचूप होती.

परत आल्यावर एका लग्नात नात्यातले एक काका भेटले. बरीच वर्षं दक्षिण आफ्रिकेत असतात. मी सिंहिणीचा फोटो दाखवला, त्यांनी त्यांचा दाखवला. मारलेल्या रानम्हशीच्या शिंगांवर हात ठेवून बसलेले. म्हणाले, "तुमच्या फोटोंवर नाही गं, आमच्या पैशांवर तिथली जनावरं जगतात." तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, म्हणून इथे मांडतेय.

२०१५ च्या जुलैत झिम्बाब्वेतल्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर सेसिल नावाचा सिंह मारला गेला. अमेरिकेतल्या एका दंतवैद्याने त्यासाठी सुमारे ५०,००० डॉलर मोजल्याचं तेव्हा छापून आलं होतं. पहिला बाण लागल्यावर सेसिल मेला नाही, कित्येक तास तसाच जखमी होता. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच्या गळ्यात माग ठेवणारी कॉलर घातली होती. दोन वर्षांनी त्याचा मुलगा झांडा, त्याच्याही गळ्यात कॉलर, तोही शिकाऱ्याच्या गोळीने गेला. ज्याला बघायला वर्षानुवर्षं लोक पैसे देऊन येत होते ते जनावर एकाने एकदाच पैसे देऊन संपवलं. केनियाने १९७७ साली शिकार बंद केली. बाकीच्या देशांनीही करावी, असं माझं ठाम मत आहे.

वाळवंटी_वाटसरू

सहमत नाही. चार वर्षं नामिबियात बोअरवेलच्या कामावर होतो, त्या अनुभवावरून लिहितो.

सगळी आफ्रिका मारासारखी नाही. माराला मोकळं गवत आहे, नदी आहे, विमान उतरायला धावपट्ट्या आहेत. नामिबियाच्या ईशान्येला बोत्स्वानाच्या सीमेलगत न्याए न्याए म्हणून जुहोआन्सी सान या आदिवासी लोकांचा मुलूख आहे. वाळू आणि काटेरी झुडपं, बस्स. दिवसभर हिंडून एखादा हत्ती दिसला तर दिसला. तिथे फोटो काढायला कोण येणार? शिकारी येतो, कारण त्याला गर्दी नको असते आणि तंबू चालतो.

१९९६ साली नामिबियाने कायदा बदलला आणि वन्यप्राण्यांपासून मिळणाऱ्या उत्पन्नाचा हक्क गावकऱ्यांच्या संस्थांना दिला. त्यांना कॉन्झर्व्हन्सी म्हणतात. १९९८ मध्ये पहिल्या चार नोंदल्या गेल्या, त्यात न्याए न्याए होती. आज ८६ आहेत, देशाची जवळपास पाचवा हिस्सा जमीन.

एकदा आमच्या पंपाजवळच्या वस्तीवर शिकारीतल्या हत्तीचं मांस आलं होतं. ट्रकच्या फळ्या खाली पाडल्या. वहीतलं एकेक नाव वाचायचं, त्या घरची बाई प्लास्टिकचं टोपलं घेऊन पुढे यायची. संध्याकाळपर्यंत प्रत्येक झोपडीबाहेर काटेरी फांद्यांवर मांसाच्या लांब पट्ट्या वाळत पडल्या होत्या. तिथली एक म्हातारी मला म्हणाली होती की या हत्तींनी आमची टाकी दोनदा फोडली, आज पहिल्यांदा काही दिलं. शिकाऱ्याने फक्त सुळे नेले.

आणि केनियाचं म्हणाल तर १९७७ ते २०१६ या काळात तिथल्या माळरानांवरचे मोठे वन्यप्राणी सरासरी ६८ टक्क्यांनी घटले. शिकारबंदी असूनही.

पारिजात

वाटसरू, मांसवाटपाबद्दल शंका नाही. पण "आम्ही म्हातारा, निकामी नरच मारतो" हा शिकाऱ्यांचा नेहमीचा युक्तिवाद तुमच्या पुढच्या प्रतिसादात येईल, म्हणून आधीच सांगते.

दक्षिण आफ्रिकेच्या पिलानेसबर्ग राष्ट्रीय उद्यानात १९९० च्या दशकात ४० हून जास्त पांढरे गेंडे मेलेले सापडले. मारणारे होते हत्तीचे तरुण नर. लहानपणी दुसरीकडून आणून सोडलेले, वर दांडगा वडीलधारा कोणी नाही, त्यामुळे त्यांना वेळेआधीच माज येत होता आणि उतरत नव्हता. १९९८ मध्ये क्रुगर राष्ट्रीय उद्यानातून सहा मोठे नर आणून सोडले, तेव्हा गेंडे मरायचे थांबले. सांगा आता, म्हातारा नर निकामी कसा?

सिंहाचंही तसंच. टांझानियात सहा वर्षांखालचा सिंह मारायचा नाही असा नियम आहे. वयाची एक खूण म्हणजे नाक. बछड्याचं नाक गुलाबी असतं, वय वाढेल तसे त्यावर काळे ठिपके पसरत जातात. आता संध्याकाळच्या उजेडात, ऐंशी मीटरवरून, कळपातल्या सिंहाच्या नाकावरचे ठिपके कोण मोजतं? आणि कळपाचा नर गेला की नवा येतो तो आधीची पिल्लं मारून टाकतो. परवान्यावर सिंह एकच लिहिलेला असतो, मरतात चार-पाच.

फोटो सफारी आणि शिकार शेजारी-शेजारी नांदतात हेही खरं नाही. केनियातल्या अंबोसेलीचे जमिनीला टेकणाऱ्या सुळ्यांचे हत्ती जगप्रसिद्ध आहेत, पन्नासएक वर्षं त्यांचा अभ्यास चालू आहे. हत्तीला सीमा कळत नाही. २०२३ च्या अखेरीपासून काही महिन्यांत सीमेपलीकडे टांझानियात असे मोठे नर एकामागोमाग मारले गेले. परवाने घेऊन, कायद्याने.

रंकाळा

थोडं आपल्याकडचं. कोल्हापूर संस्थानात काळवीट धरायला पाळीव चित्ते असायचे, सांभाळणारे चित्तेवान असायचे. इथले चित्ते कमी पडायला लागले तेव्हा आफ्रिकेतून आणले. त्याच संस्थानाचं गव्यांच्या शिकारीसाठी राखलेलं रान म्हणजे दाजीपूर, १९५८ साली ते अभयारण्य झालं. शिकारीपायी रान राखलं गेलं हे मला नाकारता येत नाही. पण इथला मूळचा चित्ता गेला तो गेलाच, तेव्हा वाटसरूंचं अर्धंच पटतं.

वैनगंगाकाठी

मी गडचिरोली जिल्ह्यातला, घरी धान आहे. २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेला हत्तींचा कळप आमच्या भागात फिरतो. कापणी करून शेतात धानाचे पुंजणे रचून ठेवले होते. सकाळी गेलो तर पुंजणे नव्हतेच, धुऱ्यापर्यंत नुसता चिखल आणि त्यात परातीएवढे पाय. माझी आई तिथेच खाली बसली. हत्ती हाकलायला बंगालमधून हुल्लावाले आणले, मशाली घेऊन रात्र-रात्र फिरले. हत्ती आमच्या शेतातून दुसऱ्याच्या शेतात गेले.

आमच्याकडचा कळप वीस-पंचवीसचा. बोत्स्वानात १,३०,००० हत्ती आहेत. अख्ख्या भारतात तीस हजारही नाहीत. त्या देशाने २०१४ मध्ये शिकार बंद केली आणि २०१९ मध्ये पुन्हा सुरू केली. जर्मनीने ट्रॉफी, म्हणजे मारलेल्या जनावराचे सुळे-शिंगं-कातडी, आणण्यावर बंधनं घालायचं काढलं, तेव्हा २०२४ मध्ये बोत्स्वानाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मासिसी म्हणाले की वीस हजार हत्ती तुम्हालाच पाठवतो, राहून बघा त्यांच्याबरोबर. लोक हसले. मला हसू आलं नाही.

करवंद ताई, मी शिकार मागत नाही. हत्ती मारावा असं माझ्या आईलाही वाटत नाही, ती सकाळी त्या पायाच्या ठशाला हात लावून पाया पडली होती. पण ज्याच्या शेतात हत्ती येतो त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्या देशातल्या माणसाने बंदी मागू नये.

करवंद

वैनगंगाकाठी, तुमच्या आईंचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. विचारलं पाहिजे, हे मान्य.

मी लिहिलं नव्हतं ते आता लिहिते. सिंहिणीच्या दुसऱ्या दिवशी एक चित्ता मादी दिसली, तीन पिल्लं. ड्रायव्हरच्या वायरलेसवर खरखर सुरू झाली आणि दहा मिनिटांत तिच्याभोवती २६ गाड्या. मी मोजल्या. ती एका हरणाच्या दिशेने दबकत होती, मध्ये एक गाडी घुसली, हरीण पळालं. ती पिल्लांकडे परत गेली आणि आडवी झाली. आमच्या गाडीतूनही "जरा पुढे घ्या ना" असा आवाज आला होता. मी गप्प बसले, त्याची खंत आहे.

तरीही वाटसरू, ६८ टक्क्यांचं खापर शिकारबंदीवर फोडू नका. त्या चाळीस वर्षांत केनियात माणसं वाढली, शेळ्या-मेंढ्या वाढल्या, कुंपणं आली, चोरटी शिकार झाली. माराच्या भोवती आता मसाई जमीनमालक एकत्र येऊन जमीन भाड्याने देतात. दर महिन्याला भाडं मिळतं, गाड्यांची संख्या बांधलेली असते. जनावर न मारता पैसा घरात येतो. पुढच्या वेळी मी तिथेच उतरेन, जास्त पैसे पडले तरी.

वाळवंटी_वाटसरू

भाड्याची पद्धत चांगलीच आहे. पण २०२० मध्ये विमानं थांबली तेव्हा ते भाडंही आटलं. शिकारीही थांबल्या, हेही सांगतो. फरक एवढाच की शिकारीच्या मुलखात दहा गिऱ्हाइकं परतली तरी वर्ष निघतं, तुमच्या पद्धतीला हजारो लागतात. पिंजऱ्यात वाढवून कुंपणात सोडलेले सिंह मारतात, त्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. त्याला शिकार म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

करवंद

काल काकांना फोन केला. विचारलं, त्या रानम्हशीच्या पैशातले गावाला किती मिळाले? म्हणाले, गाव कुठलं, ते खाजगी शेत होतं, चहूबाजूंनी उंच कुंपण. म्हैससुद्धा लिलावात विकत आणलेली.

वाळवंटी_वाटसरू

मग ती शिकार माझ्या बाजूला धरू नका. मी बोलत होतो ते न्याए न्याएबद्दल.

पण अशीच खाजगी कुंपणं मी पाहिली आहेत. १९०० च्या सुमारास दक्षिणेकडचे पांढरे गेंडे शंभराच्या आत उरले होते. आज दक्षिण आफ्रिकेतले निम्म्याहून जास्त अशा खाजगी जमिनींवर आहेत. नामिबियात एका मालकाने शिकार परवडत नाही म्हणून रानटी जनावरं विकली. दुसऱ्या वर्षी मी तिथे बोअर मारायला गेलो, तेव्हा कुंपण उतरवलेलं होतं आणि आत गुरं चरत होती.