आधी टीव्हीचा गेम मोड, मग नवा कंट्रोलर

परभणीचे दादा म्हणतात, बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा हलतो, म्हणून पीएस५ (प्लेस्टेशन ५ गेम कन्सोल)ला नवा कंट्रोलर घेणार. दादा, थांबा जरा! आधी टीव्हीचं मोशन स्मूदिंग, म्हणजे मधे जादा चित्रं घालून हालचाल गुळगुळीत दाखवायची सोय, बंद करून बघा. दोन फ्रेमच्या (चित्रांच्या) मधली बनावट फ्रेम तयार करायला टीव्हीला पुढची खरी फ्रेम येईपर्यंत थांबावंच लागतं. ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम) एक फ्रेम म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद, वर प्रोसेसिंगचा वेळ वेगळाच. गेम मोडमध्ये हा उद्योग बहुतेक बंद होतो. एएलएलएम (कन्सोलच्या इशाऱ्यावर गेम मोड लावायची सोय) असलेल्या टीव्हीत तो मोड आपोआप लागतो, पण आधी सेटिंगमध्ये ही सोय चालू आहे का ते बघा. नांदेडला आमच्या घरी सेट-टॉप बॉक्सच्या एचडीएमआय पोर्टवर (टीव्हीमागे केबल लावायच्या जागेवर) स्मूदिंग तसंच ठेवलंय, आईला मालिका तशाच आवडतात (मला नाही!). बऱ्याच टीव्हीत प्रत्येक पोर्टची सेटिंग वेगळी ठेवता येते.