मोटरहोमच्या गिझरची कॉइल जळाली आहे : नवी बसवण्याआधी कारण पक्के करायचे आहे

आमच्या मोटरहोममध्ये गॅस आणि वीज या दोन्हींवर चालणारा, सुमारे २३ लिटरचा गिझर आहे. गॅसवर पाणी व्यवस्थित तापते, पण विजेवर अजिबात तापत नाही आणि बटण चालू केले की अर्थ लीकेज ब्रेकर पडतो. कॉइल जळाली आहे यात आता शंका नाही. ती मी बाहेर काढली आहे. मात्र ती कशाने जळाली हे कळल्याशिवाय नवी बसवण्याची माझी तयारी नाही, कारण मूळ दोष तसाच राहिला तर नवी कॉइलही टिकणार नाही.

गाडीची बाहेरची वीजजोडणी काढून, इन्व्हर्टर बंद करून आणि टर्मिनलवर वीज नसल्याची खात्री करून मी मल्टिमीटर लावला. कॉइल १२० व्होल्ट, १४४० वॉटची आहे, म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले वॉट या हिशेबाने रोध १० ओहमच्या आसपास यायला हवा होता; मीटरने मात्र सर्किट तुटलेले दाखवले. शिवाय एका टर्मिनलपासून कॉइलच्या धातूच्या आवरणापर्यंत जोड दिसला, जो कधीच दिसता कामा नये. ब्रेकर त्यामुळेच पडत असावा. थर्मोस्टॅट आणि त्यामागचे, टाकी जास्त तापल्यास वीज तोडणारे रीसेट बटण तपासले, दोन्ही ठीक आहेत.

कॉइल आडवी बसते आणि तिला वर-खाली अशा दोन दांड्या आहेत. वरची दांडी मधोमध फुगून बोटभर उभी फाटली आहे, कडा निळसर काळ्या पडल्या आहेत आणि आतली पांढरी भुकटी बाहेर डोकावते आहे. खालच्या दांडीवर क्षारांचा खडबडीत थर आहे, पण ती शाबूत आहे. टाकीचा प्लग उघडला तेव्हा पाण्याबरोबर क्षारांचे मूठभर कपचेही पडले.

माझा तर्क असा आहे की क्षारांमुळे कॉइल गेली असती, तर जास्त थर असलेली खालची दांडी आधी फाटली असती. वरची फाटली, त्याअर्थी ती पाण्याबाहेर होती. प्लग काढला तरी टाकीच्या तळाशी थोडे पाणी उरतेच. खालची दांडी त्यात बुडून वाचली असावी. मागच्या सर्व्हिसिंगमध्ये टाकी रिकामी केली गेली होती. बायपास व्हॉल्व्ह (टाकी वगळून पाणी थेट गरम पाण्याच्या नळीत सोडणारा) त्या वेळी चुकीच्या बाजूला वळलेला राहिला असेल, तर नळांना पाणी येते, पंपही नेहमीसारखा चालतो, पण टाकीत थेंबही जात नाही. रीसेट बटण अशा वेळी उपयोगी पडत नाही, कारण ते टाकीच्या बाहेरच्या भिंतीला टेकलेले असते आणि कोरडी कॉइल भिंत तापण्याच्या आत, काही सेकंदांतच जळते. जाणकारांना हा तर्क पटतो का, की वरचीच दांडी फाटण्याचे आणखी काही कारण असू शकते?

दुसरा प्रश्न नव्या कॉइलबद्दल आहे. २४० व्होल्ट, ४५०० वॉटची घरगुती कॉइल १२० व्होल्टवर चालवली तर एक चतुर्थांश, म्हणजे ११२५ वॉट देईल; पाणी हळू तापेल, पण आवरणावरचा ताण कमी होऊन ती जास्त टिकेल असे वाटते. आटे जुळत असले तरी लांबीमुळे ती समोरच्या भिंतीला टेकण्याची भीती आहे. असा बदल कोणी केला असल्यास किती लांबी चालली ते कृपया सांगावे. तसेच गॅस्केट असताना आट्यांवर टेफ्लॉन टेप लावावी की नाही, याबद्दलही दोन मते ऐकली आहेत.

शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गरम पाण्याच्या नळाला फुरफुर न होता सलग धार आली की टाकी भरली असे सर्वत्र सांगितले जाते, परंतु बायपास चालू असतानाही त्या नळाला तशीच धार येते, त्यामुळे या खुणेवर विसंबता येत नाही. मग वीज देण्याआधी सेफ्टी व्हॉल्व्हची कळ उचलून तिथून पाणी येते का ते पाहावे, की टाकी भरल्याची याहून खात्रीची खूण आहे?