मदत हवी आहे: बुलेट 350, कार्बोरेटरचा पायलट जेट (आयडल आणि कमी थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणारा) वाढवू की सुईतच (मधल्या थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणारी) काही करायला हवं?

गाडी जुनी कास्ट आयर्न बुलेट 350, मिकार्ब व्हीएम 24 कार्बोरेटर. फ्री-फ्लो सायलेन्सर आणि कोन फिल्टर बसवलाय, त्यामुळे हवा जास्त जाते. मेन जेट (फुल थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणारा) 90 काढून 100 टाकला, फुल थ्रॉटलला आता तक्रार नाही. त्रास आहे तो पाव ते अर्ध्या थ्रॉटलला: गाडी अडखळते, प्लग पांढराफटक (म्हणजे पेट्रोल कमी पडतंय), आणि थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट.

सुईची क्लिप मधल्या खाचेतून एक खाच खाली घेतली, म्हणजे सुई वर आणि पेट्रोल जास्त. थोडा फरक पडला. अगदी शेवटच्या खाचेत अडखळणं थांबतं, पण ॲव्हरेज पडतं आणि प्लग काळा होतो. पायलट जेट मूळचाच, 25 चा. एअर स्क्रू (आत घेतला की आयडलची हवा कमी होते) जवळजवळ पूर्ण आत घेतल्यावरच आयडल नीट बसतं.

मॅनिफोल्डवर (कार्बोरेटर आणि इंजिनमधला जोड) क्लीनर मारून पाहिला, हवा कुठून शिरत नाही. सायलेन्सरचं गॅस्केट नवं आहे. टायमिंग, टॅपेट, फ्लोट लेव्हल तपासून घेतलंय. मूळ एअरबॉक्स परत लावायचा नाही. गाडी पुण्यात चालते, अधूनमधून महाबळेश्वर, त्यामुळे घाटावर फार रिच (पेट्रोल जास्त) होऊनही चालणार नाही.

क्लिप पुन्हा मध्यावर आणून पायलट 27.5 करावा की थेट 30? की पायलट तसाच ठेवून नीडल जेट (सुई ज्यात वर-खाली होते तो) बदलावा लागेल?